मोठी श्रेणीबद्ध फाइल तयार करताना मेमरी अपुरी पडते तेव्हा काय करावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेटाबेसमध्ये सुमारे चाळीस लाख ग्राहक आहेत. त्यांचे पत्ते, त्यांच्या ऑर्डरी आणि प्रत्येक ऑर्डरमधील वस्तू यांची एकच एक्सएमएल फाइल, म्हणजे एकात एक घटक असलेली श्रेणीबद्ध मजकूर फाइल, तयार करायची आहे. जावामधील प्रोग्रॅम सर्व नोंदी वाचतो, मेमरीत डॉमची (फाइलमधील प्रत्येक घटकासाठी एक ऑब्जेक्ट असलेली) संपूर्ण ट्री बांधतो आणि सर्वांत शेवटी ती फाइलमध्ये उतरवतो. चाचणीच्या माहितीवर हे काम नीट होते, खऱ्या माहितीवर मात्र मेमरी संपल्याची त्रुटी येते. हीपची (जावाच्या ऑब्जेक्टांसाठी राखलेल्या मेमरीची) मर्यादा ४ जीबीवरून ८ आणि ८ वरून १६ जीबी केली, तरी प्रोग्रॅम बंदच पडतो, फक्त थोडा उशिरा. तेव्हा ही मर्यादा नेमकी किती ठेवावी, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर असे आहे की ही मर्यादा वाढवण्याऐवजी कमी करावी आणि तीत काम बसेल अशा रीतीने प्रोग्रॅमची रचना बदलावी. श्रेणीबद्ध फाइल लिहिण्यासाठी किती मेमरी लागते, हे फाइलच्या आकारावर ठरण्याचे कारण नाही. नोंदी ज्या क्रमाने हाती येतात तो क्रम आणि फाइलला ज्या क्रमाने त्या हव्या आहेत तो क्रम, या दोहोंमध्ये जितकी तफावत असेल तितके मेमरीत साठवून ठेवावे लागते. हे दोन्ही क्रम जुळवले, तर कोणत्याही क्षणी मेमरीत फक्त उघडा असलेला मार्ग ठेवावा लागतो, म्हणजे सध्याचा ग्राहक, त्याची सध्याची ऑर्डर आणि त्या ऑर्डरमधील सध्याची वस्तू. ग्राहक चाळीस लाख असोत की चार कोटी, तो मार्ग तेवढाच राहतो.

प्रथम डॉम इतकी मेमरी का खातो, ते पाहू. ६४ बिटांच्या जावामध्ये, नेहमीच्या सेटिंगमध्ये, प्रत्येक ऑब्जेक्टला १२ बाइटांचे शीर्ष असते आणि आकार ८ च्या पटीत पूर्ण केला जातो. तीन अंकी रक्कम स्ट्रिंग म्हणून ठेवली, तर स्ट्रिंग ऑब्जेक्टचे २४ बाइट आणि त्यामागील ॲरेचे २४ बाइट असे ४८ बाइट लागतात. फाइलमध्ये हीच रक्कम ३ बाइटांची असते. त्यावर मजकुराचा नोड येतो, त्याच्या वर घटकाचा नोड येतो आणि प्रत्येक नोडमध्ये पालक, पुढील भावंड, पहिले अपत्य, मूळ दस्तऐवज असे कित्येक संदर्भ असतात. म्हणून काही जीबींच्या फाइलची ट्री तिच्या कित्येक पट मेमरी मागते. हीप ३२ जीबींच्या पलीकडे नेली, की जावाला चार बाइटांचे संक्षिप्त संदर्भ वापरता येत नाहीत आणि प्रत्येक संदर्भ आठ बाइटांचा होतो, त्यामुळे ३१ जीबींवरून ३४ जीबींवर गेल्यावर प्रत्यक्षात मावणारी माहिती कमीही होऊ शकते. पायथॉनमध्ये स्थिती वेगळी नाही. तेथे एक लहान पूर्णांक २८ बाइट घेतो आणि रिकामी डिक्शनरी ६४ बाइट.

म्हणून ट्री बांधू नये, फाइल प्रवाही पद्धतीने लिहावी. जावामध्ये यासाठी स्टॅक्स या प्रवाही एक्सएमएल सुविधेतील स्ट्रीम रायटर आहे, डॉटनेटमध्ये एक्सएमएल रायटर आहे, पीएचपीमध्ये त्याच नावाचा वर्ग आहे आणि पायथॉनमध्ये एलएक्सएमएलची टप्प्याटप्प्याने लिहिणारी सोय आहे. जेसनसाठी जावामधील जॅक्सनचा जनरेटर हेच काम करतो. या सर्वांची रीत एकच आहे. घटक उघडावा, आतील मजकूर लिहावा, घटक बंद करावा आणि जे लिहून झाले ते विसरावे. रायटर फक्त उघड्या घटकांची नावे लक्षात ठेवतो.

तरीही प्रत्येक घटक हाताने उघडत-मिटत बसण्याचा आग्रह मी धरणार नाही, कारण असा कोड लवकरच वाचण्यास अवघड होतो. व्यवहारात मला सर्वांत उपयोगी वाटलेली पद्धत मिश्र आहे. बाहेरचा मोठा घटक प्रवाही पद्धतीने उघडावा, प्रत्येक ग्राहकापुरती छोटी ट्री किंवा ऑब्जेक्ट नेहमीच्या सोयीच्या पद्धतीने तयार करावे, ते प्रवाहात लिहावे आणि सोडून द्यावे. एका ग्राहकाची ट्री काही किलोबाइटांची असते, त्यामुळे तेथे डॉम वापरला तरी बिघडत नाही. मात्र एखाद्या ग्राहकाच्या नावावर लाखो ऑर्डरी असण्याची शक्यता असेल, तर तुकडा पाडण्याची पातळी ग्राहकाऐवजी ऑर्डरची ठेवावी. अशा असमान नोंदी चाचणीच्या माहितीत सहसा नसतात आणि खऱ्या माहितीत हमखास असतात.

आता खरा प्रश्न येतो तो लिहिण्याच्या आधीचा. रायटर प्रवाही केल्यावरही प्रोग्रॅम मेमरी संपून थांबतो, असे अनेकांना आढळते आणि दोष रायटरकडे जातो. बहुतेक वेळा कारण प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणाऱ्या ड्रायव्हरमध्ये असते. मायएसक्यूएलचा जावा ड्रायव्हर क्वेरीचा संपूर्ण निकाल आधी मेमरीत आणून ठेवतो. तो ओळीओळीने हवा असेल, तर निकाल फक्त पुढे जाणारा आणि फक्त वाचनासाठी ठेवून फेच साइझला (एका वेळी किती ओळी आणाव्यात या सेटिंगला) पूर्णांकाची किमान किंमत द्यावी लागते, किंवा कर्सरने (निकालातून थोड्याथोड्या ओळी आणणाऱ्या साधनाने) वाचण्याचा पर्याय चालू करून फेच साइझला नेहमीची धन संख्या द्यावी लागते. पोस्टग्रेएसक्यूएलचा ड्रायव्हरही मुळात सर्व ओळी एकदम आणतो. तेथे फेच साइझ देऊन भागत नाही, ऑटो-कमिट, म्हणजे प्रत्येक क्वेरी आपोआप पक्की करणेही, बंद करावे लागते, अन्यथा ती सूचना मुकाट्याने दुर्लक्षिली जाते. पायथॉनच्या सायकोपीजीमध्ये कर्सरला नाव दिले, तरच तो सर्व्हरकडे राहतो. हायबरनेट (तक्त्यांतील नोंदींचे जावा ऑब्जेक्ट करणारी लायब्ररी) वापरत असाल, तर प्रत्येक वाचलेली नोंद सेशनच्या पहिल्या पातळीवरील कॅशमध्ये अडकून राहते. ठरावीक नोंदींनंतर सेशन रिकामे करावे किंवा स्थितिहीन सेशन वापरावे. पायथॉनच्या जांगो या वेब चौकटीत क्वेरीसेटवर इटरेटर न वापरता फिरल्यास आलेल्या सर्व नोंदी क्वेरीसेटच्या कॅशमध्ये साठत जातात.

यानंतर क्रम जुळवण्याचे काम येते आणि माझ्या मते या संपूर्ण विषयाचा गाभा तोच आहे. पहिला मोह असा होतो की ग्राहक, पत्ते, ऑर्डरी आणि वस्तू एकाच क्वेरीत जोडाव्यात. एकाखाली एक अशी सरळ साखळी असेल, तर हे चालते. परंतु एकाच ग्राहकाखाली दोन स्वतंत्र संच असले, की ओळींचा गुणाकार होतो. ज्या ग्राहकाचे ५ पत्ते आणि २०० ऑर्डरी आहेत, त्याच्या १००० ओळी येतात आणि त्यांतील पुनरावृत्ती काढण्यासाठी पुन्हा मेमरीत साठवण सुरू होते. दुसरा मोह प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी क्वेरी करण्याचा असतो. त्यात मेमरी वाचते, परंतु चाळीस लाख ग्राहकांसाठी सव्वा कोटींच्या आसपास क्वेरी होतात आणि काम तासन्‌तास चालते. हजार-हजार ग्राहकांचे गट करून त्यांच्या पोटनोंदी एकेका क्वेरीत आणणे हा मध्यम मार्ग आहे आणि बहुतेक कामांना तो पुरतो.

मोठ्या कामासाठी मी समांतर कर्सरांची पद्धत सुचवेन. ग्राहकांचा एक कर्सर ग्राहक क्रमांकानुसार लावलेला, पत्त्यांचा दुसरा ग्राहक क्रमांकानुसार, ऑर्डरींचा तिसरा ग्राहक व ऑर्डर क्रमांकानुसार आणि वस्तूंचा चौथा ग्राहक, ऑर्डर व ओळ क्रमांकानुसार लावलेला, असे चार कर्सर एकदम उघडावेत. वस्तूंच्या तक्त्यात ग्राहक क्रमांक नसेल, तर केवळ क्रमासाठी ऑर्डरींच्या तक्त्याशी जोड द्यावी लागेल, आणि ते वगळून चालणार नाही. नंतर ग्राहक वाचावा, बाकीच्या प्रत्येक कर्सरच्या तोंडाशी असलेल्या ओळीची किल्ली (म्हणजे तिच्यातील ग्राहक क्रमांक) सध्याच्या ग्राहकाच्या किल्लीशी ताडून पाहावी, जुळत असेल तोपर्यंत लिहीत जावे, मोठी लागली की तो घटक बंद करून पुढे सरकावे. एखादी किल्ली सध्याच्या किल्लीपेक्षा लहान निघाली, तर ती अनाथ नोंद आहे. तिची लॉगमध्ये नोंद करावी, पण ती यादीत गोळा करत बसू नये, कारण त्रुटींची मेमरीतील यादी हीसुद्धा वाढत जाणारी साठवण आहे.

या पद्धतीत दोन सूक्ष्म धोके आहेत. पहिला तुलनेच्या नियमाचा. किल्ली मजकुराची असेल आणि डेटाबेस लहान-मोठी अक्षरे समान मानून क्रम लावत असेल, तर प्रोग्रॅममधील साधी तुलना त्याच्याशी जुळत नाही. मग पोटनोंदी अनाथ ठरून गळतात आणि कोणतीही त्रुटी दिसत नाही. म्हणून अंकी किल्ली वापरावी, किंवा दोन्हीकडे बाइटांच्या क्रमाने तुलना होईल असे डेटाबेसला स्पष्ट सांगावे. दुसरा धोका एकाच क्षणाचे चित्र न मिळण्याचा. चार कर्सर निरनिराळ्या क्षणी उघडले आणि मध्ये नव्या ऑर्डरी आल्या, तर फाइलमध्ये वस्तू आहेत पण त्यांची ऑर्डर नाही, अशी स्थिती येते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये चारही कर्सर रिपीटेबल रीड पातळीच्या (आरंभापासून शेवटपर्यंत एकाच क्षणाचे चित्र दाखवणाऱ्या) एकाच व्यवहारात, म्हणजे ट्रान्झॅक्शनमध्ये, उघडावेत. मायएसक्यूएलच्या ओळीओळीच्या वाचनात एका जोडणीवर एक निकाल संपेपर्यंत दुसरी क्वेरी करता येत नाही, त्यामुळे तेथे कर्सरचा पर्याय निवडावा किंवा गटांच्या पद्धतीवर यावे.

क्रम लावण्याचा खर्च होतोच, पण तो डेटाबेसवर सोपवावा. योग्य इंडेक्स असेल तर क्रम तयारच मिळतो, नसेल तर डेटाबेस तुकडे क्रमाने लावून डिस्कवर ठेवतो आणि नंतर ते एकत्र करतो. माहिती साध्या मजकूर फाइलींमधून येत असेल, तर युनिक्सची सॉर्ट आज्ञा हेच करते. एकाच तक्त्यातील नोंदी एकमेकींना पालक म्हणून दाखवतात अशी, खोली निश्चित नसलेली रचना लिहीत असाल, उदाहरणार्थ विभाग-उपविभागांची, तर रिकर्सिव्ह क्वेरीने प्रत्येक नोंदीचा मुळापासूनचा मार्ग काढून त्या मार्गाने क्रम लावावा. मग मागील ओळीच्या मार्गाशी तुलना करून किती घटक बंद करायचे, हे कळते.

येथपर्यंत केल्यावर आणखी एक अडचण उभी राहते. अनेक स्वरूपांत फाइलच्या आरंभीच एकूण नोंदींची संख्या किंवा रकमांची बेरीज हवी असते आणि ती लिहून संपल्याशिवाय कळत नाही. मोजणीची क्वेरी त्याच व्यवहारात आधी चालवणे हा सर्वांत स्वच्छ उपाय आहे. ते शक्य नसेल, तर मुख्य भाग तात्पुरत्या फाइलमध्ये लिहावा, मग शीर्ष लिहून त्यामागे तो जोडावा. तिसरा उपाय म्हणजे ठरावीक रुंदीची जागा मोकळी ठेवून शेवटी मागे जाऊन आकडा भरणे. एक्सएमएल स्कीमाच्या (फाइलच्या रचनेचे नियम सांगणाऱ्या वर्णनाच्या) पूर्णांकात आधीची शून्ये चालतात, जेसनमध्ये ती चालत नाहीत, परंतु आकड्याभोवती मोकळ्या जागा चालतात. फाइल थेट जीझिपमध्ये (संक्षेपित, म्हणजे दाबून लहान केलेल्या स्वरूपात) जात असेल, तर मागे जाता येत नाही आणि हा उपाय बाद होतो.

काही स्वरूपे मुळातच या कामाला अनुकूल नाहीत. प्रोटोबफ या बायनरी स्वरूपात आतील संदेशाची लांबी त्याच्या आधी लिहावी लागते आणि एक संदेश २ जीबींपेक्षा मोठा असू शकत नाही. म्हणून तेथे एका प्रचंड संदेशाऐवजी लांबी अधिक संदेश अशी लहान संदेशांची मालिका लिहावी. मेसेजपॅकमध्ये ॲरेच्या आधी त्यातील घटकांची संख्या लागते. सीबोरमध्ये मात्र लांबी न सांगता ॲरे उघडण्याची सोय आहे. जेसन घेणाऱ्या पक्षाला चालत असेल, तर एका विशाल ॲरेऐवजी प्रत्येक ओळीत एक स्वतंत्र ऑब्जेक्ट, हे स्वरूप मी नेहमी सुचवतो, कारण वाचणाऱ्याची मेमरीही त्यामुळे वाचते. किंवा फाइलचे भाग पाडून वर एक सूची फाइल ठेवावी. संकेतस्थळांच्या साइटमॅपचा नियम असाच आहे: एका फाइलमध्ये जास्तीत जास्त ५०,००० पत्ते आणि ५० एमबी, आणि त्यापुढे सूची.

मेमरी गुपचूप वाढवणाऱ्या आणखी काही जागा आहेत. प्रवाही रायटर मेमरीतील बफरवर उघडला, तर सर्व श्रम वाया जातात. बाइटांचा ॲरे भरला की दुप्पट आकाराचा नवा घेऊन जुना त्यात उतरवला जातो, त्यामुळे त्या क्षणी दोन्ही जिवंत असतात. पीएचपीच्या रायटरमध्ये मेमरीत उघडणे आणि फाइलवर उघडणे अशी दोन निरनिराळी फंक्शने आहेत, तेथे दुसरे घ्यावे. पायथॉनमध्ये संपूर्ण जेसन एकाच स्ट्रिंगमध्ये तयार केले आणि त्यात एक जरी इमोजी आली, तर त्या स्ट्रिंगमधील प्रत्येक अक्षराला ४ बाइट लागू लागतात, कारण पायथॉन ३.३ पासून स्ट्रिंगची रुंदी तिच्यातील सर्वांत रुंद अक्षरावर ठरते. एक धागा (थ्रेड) वाचतो आणि दुसरा लिहितो अशी रचना असेल, तर मधल्या रांगेला कमाल लांबी द्यावी. लिहिणारा मागे पडला की अमर्याद रांगेत सर्व माहिती पुन्हा मेमरीतच येऊन बसते. नोडजेएसमध्ये प्रवाहाला लिहिताना परत येणारे नकारार्थी उत्तर दुर्लक्षिल्यास हेच होते.

एकमेकांना संदर्भ देणाऱ्या नोंदींसाठी आधी काय लिहिले गेले ते लक्षात ठेवावे लागते, आणि तेथे योग्य रचना निवडल्यास अंतर प्रचंड पडते. दहा कोटी सलग क्रमांक जावाच्या हॅशसेटमध्ये ठेवले, तर सहा जीबींच्या आसपास मेमरी जाते. तेच बिटांच्या संचात ठेवले, तर १२.५ एमबी पुरतात. स्कीमाने तपासणी प्रवाही पद्धतीने होऊ शकते, परंतु स्कीमात किल्ली किंवा अद्वितीयतेचे बंधन असेल, तर तपासणाऱ्यालाही सर्व किल्ल्या साठवाव्या लागतात. ते बंधन डेटाबेसमध्येच तपासलेले बरे.

संक्षेपण लिहितानाच करावे. जीझिपची खिडकी ३२ केबींची असल्याने त्याचा मेमरीवर भार नाही. एक्सझेडच्या नवव्या पातळीला मात्र एका धाग्यासाठी सुमारे ६७४ एमबी लागतात, हे कंटेनरच्या (प्रोग्रॅम ज्या मर्यादित कप्प्यात चालतो त्याच्या) मर्यादेत आधीच धरावे. जीझिपचा आणखी एक गुण येथे उपयोगी पडतो: स्वतंत्रपणे संक्षेपित केलेले भाग एकामागे एक जोडले, तरी ती वैध जीझिप फाइल असते. त्यामुळे ग्राहकांचे क्रमांकानुसार भाग पाडून ते समांतर तयार करता येतात आणि मध्येच काम थांबले, तर केवळ राहिलेले भाग पुन्हा करावे लागतात.

वैज्ञानिक माहितीसाठी एचडीएफ५ वापरणाऱ्यांना वेगळी काळजी घ्यावी लागते. तेथे मेमरी चंकच्या, म्हणजे डेटासेट ज्या ठरावीक तुकड्यांत साठवला जातो त्या तुकड्याच्या, आकाराशी बांधलेली असते. १.१४ पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये प्रत्येक उघड्या डेटासेटसाठी चंकचा कॅश मुळात १ एमबीचा असतो. चंक त्याहून मोठा असेल, तर तो कॅशमध्ये राहत नाही आणि थोडे-थोडे लिहिताना तोच चंक पुन्हापुन्हा वाचून, उलगडून, परत संक्षेपित केला जातो. शेकडो डेटासेट एकदम उघडे ठेवल्यास हे कॅश एकत्र मिळून मोठे होतात. काम झालेला डेटासेट लगेच बंद करावा आणि चंकच्या पटीतच लिहावे.

प्रोग्रॅम कशामुळे थांबला, हे ओळखणेही आवश्यक आहे, कारण दोन निरनिराळ्या मर्यादा असतात. जावाची त्रुटी ही हीपच्या मर्यादेची असते. काहीही न सांगता प्रक्रिया १३७ या संकेतांकाने संपली, तर लिनक्सने किंवा कंटेनरच्या व्यवस्थेने ती मारलेली असण्याची शक्यता मोठी आहे. जावा प्रक्रियेला हीपखेरीज धाग्यांचे स्टॅक, वर्गांची माहिती आणि थेट बफर यांसाठीही मेमरी लागते, म्हणून हीपची मर्यादा कंटेनरच्या मर्यादेइतकी ठेवणे चुकीचे आहे. तात्पुरत्या फाइली जेथे ठेवता ती निर्देशिका टीएमपीएफएसवर (मेमरीतच राहणाऱ्या फाइलसिस्टिमवर) आहे का, तेही पाहावे. असेल, तर आपण डिस्कवर लिहीत आहोत असे वाटते आणि प्रत्यक्षात मेमरीच भरत असते.

बदल केल्यावर हीपची मर्यादा मुद्दाम १२८ एमबी ठेवून दहा हजार, एक लाख आणि दहा लाख ग्राहकांवर काम चालवावे आणि प्रत्येक वेळी प्रक्रियेची कमाल मेमरी नोंदवावी. या आकड्यांची रेषा सपाट राहिली, तर चाळीस लाखांसाठी वेगळी चाचणी लागणार नाही. ती किंचितही चढत असेल, तर काहीतरी साठत आहे आणि मर्यादा लहान असल्याने ते लवकर सापडेल. ही चाचणी स्वयंचलित चाचण्यांमध्ये कायमची ठेवावी, कारण पुढे कोणीतरी एक निरुपद्रवी दिसणारी यादी जोडतो आणि सपाट रेषा पुन्हा चढू लागते.

फाइल नेहमी तात्पुरत्या नावाने, पण अंतिम स्थानाच्याच फाइलसिस्टिमवर लिहावी. पूर्ण झाल्यावर ती प्रवाही पार्सरने एकदा वाचून ग्राहक, ऑर्डरी व वस्तू यांची संख्या डेटाबेसमधील मोजणीशी ताडावी. या वाचनात मजकुरात शिरलेली नियंत्रण अक्षरेही सापडतात, जी एक्सएमएल १.० मध्ये वर्ज्य आहेत आणि अनेक रायटर लिहिताना तपासत नाहीत. हे वाचन पायथॉनच्या इटरपार्सने करणार असाल, तर प्रत्येक ग्राहक वाचून झाल्यावर तो घटक रिकामा करणे पुरेसे नाही. रिकामा घटकही मूळ घटकाच्या यादीत अडकून राहतो, म्हणून तो तेथूनही काढावा. मोजणी जुळली की डेटा डिस्कवर पक्का उतरवून मगच फाइलला अंतिम नाव द्यावे, म्हणजे अर्धवट फाइल घेणाऱ्याच्या हाती कधीच पडणार नाही.